आवक नोंदवहीतील क्रमांक नसलेली ओळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मासिकातील अमानवीय अनुभवांच्या सदराविरुद्ध मी यापूर्वी आपणांस चार पत्रे लिहिली. त्यांपैकी एकही आपण छापले नाही, पोचही दिली नाही. भुतेखेते, संचार, झपाटणे या प्रकारांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. जे पुराव्याने सिद्ध होत नाही ते घडलेच नाही, असे धरून मी बत्तीस वर्षे न्यायालयाच्या नक्कल विभागात नोकरी केली. तरीही हे पाचवे पत्र तक्रारीचे नसून अनुभवाचे आहे. यातील एकही वाक्य कापू नये, ही विनंती नव्हे, अट आहे.

नक्कल विभागाची एक रीत आधी सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. मूळ कागदाची नक्कल उतरवून झाली, की दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे. याला रुजुवात म्हणतात. दोघांच्या सह्या झाल्या, की ती नक्कल न्यायालयात मुळाइतकीच खरी. नकलेत मुळातले काही गळू शकते, चुकू शकते. पण मुळात नाही असे काही नकलेत येऊ शकत नाही. आले, तर ती नक्कल नव्हे, बनावट. या एका तत्त्वावर माझे आयुष्य उभे होते... ते १९९७ साली डळमळले.

स्थळ : भाईंदर पूर्व, इंद्रलोक भागातील आमची चार मजली, दोन विंगांची सोसायटी. गिरगाव सोडून मी १९८८ साली तेथे आलो. सेक्रेटरीपद माझ्याकडे बिनविरोध आले, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होते. पाण्याच्या टँकरपासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत नगरपालिकेला मी किती पत्रे लिहिली याची मोजदाद आमच्या आवक-जावक नोंदवहीत सापडेल. ही नोंदवही १९९० पासून संगणकावर होती. आमचे चेअरमन हसमुखभाई यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना; तेथला जुना संगणक त्यांनी सोसायटीला दिला. आमच्याच इमारतीतील कुरियन नावाच्या अभियंत्यांनी त्यावर चालणारा डॉसचा प्रोग्रॅम लिहून दिला आणि वर्षभरात ते मस्कतला गेले.

त्या प्रोग्रॅममध्ये मी एक अट मुद्दाम घालून घेतली होती. कचेऱ्यांतील कारकून दिवसाअखेर नोंदवहीत दोन-तीन क्रमांक कोरे सोडतात — पुढेमागे कोणाचे पत्र मागील तारखेने घुसवायचे झाले तर सोय असावी म्हणून. या लबाडीचा मला मनस्वी संताप आहे. म्हणून आमच्या यंत्रात क्रमांक यंत्रच देणार, सलग देणार, आणि क्रमांकाशिवाय कोणतीही नोंद होणारच नाही, अशी व्यवस्था कुरियन यांनी केली. नोंद पुसण्याची सोयही ठेवली नव्हती.

१९९७ मध्ये तो संगणक अखेरच्या घटका मोजीत होता आणि छपाईयंत्र बंदच पडले होते. सोसायटीने विंडोजचा नवा संगणक घेतला, पण जुना प्रोग्रॅम त्यावर नीट चालेना, छापता तर अजिबात येईना. शेवटी सौ. वैशाली परुळेकर यांना विनंती केली. या बाई अंधेरीच्या एका कंपनीत हेच काम करीत — एका प्रणालीवरचे प्रोग्रॅम दुसरीवर नेण्याचे. आमच्या इमारतीत त्या १९९४ साली राहायला आल्या होत्या. हे साल कृपया ध्यानात ठेवावे.

मी अडचण विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, डॉसमध्ये प्रोग्रॅम थेट प्रिंटरपाशी जाऊन उभा राहायचा. आता मधे विंडोज टेबल टाकून बसलंय. म्हणतं, आधी माझ्याकडे अर्ज द्या.”

योग्य मार्गाने अर्ज करणे मला तत्त्वतः मान्यच होते. कुरियन यांनी मागे ठेवलेल्या फ्लॉपीवरचा प्रोग्रॅमचा मूळ मजकूर वाचून वैशालीबाईंनी पाच रविवारांत नवा प्रोग्रॅम लिहिला.

घाई होती, कारण सहकार न्यायालयात सोसायटीविरुद्ध एक दावा चालू होता आणि नोंदवहीचा उतारा माझ्या शपथपत्रासह दाखल करायचा होता. वादी होत्या श्रीमती सुमन कांबळे. मुंबई महापालिकेच्या इस्पितळात परिचारिका, मूळच्या नांदेडकडच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. तिसऱ्या मजल्यावरील सदनिका त्यांनी पहिल्या मालकाकडून १९९१ साली घेतली आणि त्या राहायलाही आल्या. पुढे कळले, की त्या गृहस्थाने तीच सदनिका आणखी एकालाही विकली होती. त्या दुसऱ्याचा सभासदत्वाचा अर्ज आमच्याकडे आधी नोंदला गेला, सिस्टरांचा रजिस्टर पोस्टाने नंतर आला. दावा शेवटी एका मुद्द्यावर येऊन थांबला : सिस्टर आधी अर्ज घेऊन आल्या होत्या की नाही? आल्या होत्या असे ठरले तर घर त्यांचे. नाही तर सासू आणि दोन मुलींसह बाहेर.

त्यांच्या दाव्यात स्पष्ट लिहिले होते, की दुसऱ्याच्या अर्जाच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी सकाळी, त्या अर्ज घेऊन सोसायटीच्या कचेरीत गेल्या असता सेक्रेटरींनी तो स्वीकारला नाही. यावर माझे लेखी उत्तर होते — “सदर दिनांकास अशा अर्जाची आवक नोंदवहीत कोणतीही नोंद नाही.” अक्षरशः खरे उत्तर. अशा उत्तरांचा मी तज्ज्ञ आहे.

एप्रिलमधील एका रविवारी सकाळी दहा वाजता रुजुवात सुरू झाली. कचेरी तळमजल्यावर, जिन्याला लागून. जुना संगणक माझ्यापुढे, नवा वैशालीबाईंपुढे. त्यांना हा प्रकार हास्यास्पद वाटत होता. मशीन स्वतः मोजते, असे त्या म्हणाल्या. मोजणे वेगळे आणि रुजुवात वेगळी, असे मी सुनावले आणि पडद्यावर लाकडी पट्टी धरून वाचू लागलो. नोंदी इंग्रजीत होत्या; येथे मराठीत देतो.

“शहाऐंशी. लिमये. सदनिका हस्तांतराचा अर्ज. प्रत एक, उरलेल्या दोन नंतर देणार. स्वीकारला.”

“आहे.”

“सत्त्याऐंशी. नगरपालिका, पाणीखाते—”

“थांबा काका. मध्ये एक आहे.”

मध्ये काही नाही, असे मी म्हटले. माझ्या पट्टीखाली शहाऐंशीनंतर सत्त्याऐंशीच होती. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

शहाऐंशीच्या खाली एक ओळ होती. क्रमांकाचा रकाना रिकामा. तारीख लिमयांच्या अर्जाचीच, तोच रविवार. नाव : श्रीमती एस. आर. कांबळे. विषय : सभासदत्व. शेरा कोरा.

मला काय झाले ते नेमके लिहितो, कारण नेमकेपणाखेरीज माझ्याजवळ देण्यासारखे काही नाही. भीती वाटली नाही. संताप आला, आणि तो वैशालीबाईंवर. सिस्टरांच्या दोन मुलींना त्या गणित शिकवीत हे मला ठाऊक होते. न्यायप्रविष्ट प्रकरणातील दस्तऐवजात बनावट नोंद करणे हा कोणता गुन्हा आहे आणि त्याला किती शिक्षा आहे, हे मी त्यांना कलमासह ऐकवले.

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, पण उठून गेल्या नाहीत. जुन्या फाइलींत पुसलेली नोंद कधीकधी खरोखर पुसलेली नसते, तिच्यावर फक्त खूण असते. नवा प्रोग्रॅम ती खूण ओळखत नसेल तर असे होऊ शकते, असे त्यांनी समजावले. म्हणजे ही नोंद कोणी तरी केली आणि नंतर काढली. “तेव्हा कॉम्प्युटरवर कोण बसायचं, काका?” त्यांनी विचारले. फक्त मीच बसत असे.

त्यांनी जुनी फाइल उघडून तपासली. प्रत्येक नोंदीला ठरावीक, सारखी जागा. एकूण जागेला एका नोंदीच्या जागेने भागले की नोंदींची संख्या मिळते. त्यांनी कागदावर भागाकार केला, मी पुन्हा केला. सहाशे चौदा. बाकी शून्य. जास्तीच्या नोंदीला त्या फाइलमध्ये एका अक्षराचीही जागा नव्हती. आणि नव्या यंत्रावर सहाशे पंधरा.

“हे होऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “गळतं, काका. वाढत नाही.”

नक्कल विभागात मीही बत्तीस वर्षे हेच शिकवले होते.

नोंद पुसलेली नाही हे मला भागाकाराआधीच माहीत होते. का माहीत होते, हे मी त्यांना सांगितले नाही. नोंद झालीच नव्हती. त्या रविवारी सिस्टर आल्या होत्या. हातात अर्जाची एकच प्रत होती. नियमाप्रमाणे तीन हव्यात, असे सांगून मी अर्ज परत केला होता. परत केलेल्या अर्जाची नोंद होत नाही. सहा वर्षे माझे उत्तर याच फटीत उभे होते.

पुढच्या रविवारी मी सर्व काही नव्याने करायला लावले. जुन्या यंत्रावरून फ्लॉपी माझ्यासमोर भरली, तिच्यावर काही लिहिता येऊ नये म्हणून खाच बंद केली, पाकिटात घालून लाख लावली, सही केली. नव्या यंत्रावरील नोंदवही पूर्ण रिकामी करून दाखवायला सांगितली. मग पाकीट फोडले. वैशालीबाईंचे हात मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो.

शहाऐंशीच्या खाली ओळ आली. या वेळी शेऱ्याचा रकाना कोरा नव्हता. “प्रती अपुऱ्या.”

वैशालीबाईंनी कळफलकावरून हात मागे घेतले. मग एका कागदावर कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या ते लिहून तो माझ्यापुढे सरकवला.

“आता तुम्ही करा. मी घरी जाते. माझ्यावर संशय आहे ना? मग मशीनला तुम्हीच हात लावा, म्हणजे संशय घ्यायला एकच माणूस उरेल.”

त्या गेल्या. दार मी आतून लावले. पावणेबाराची वेळ, बाहेर रणरणते ऊन, वर कोणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या. नोंदवही रिकामी केली. कागदावरील कळा एकेक करून दाबल्या. यंत्र घरघरले आणि ओळी भरू लागल्या. मी पट्टी धरून शहाऐंशीपर्यंत आलो. पट्टी खाली सरकवण्यापूर्वी मी बहुधा मिनिटभर थांबलो... मिनिटाचा पुरावा नाही.

क्रमांक कोरा. तीच तारीख. तेच नाव. आणि शेरा —

“प्रती अपुऱ्या. अर्जदार जिन्यात बसून लिहीत आहे.”

मी उठलो, कडी काढली आणि जिन्याकडे पाहिले. जिना रिकामा होता. पहिल्या वळणापर्यंत चढून गेलो. कोणीही नव्हते. कठड्याला धरून उतरलो, एवढे शपथेवर सांगू शकतो.

त्या दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. दावा चालू असताना वादीच्या घरी जाणे सर्वस्वी गैर आहे, हे मला कळत होते. दार सिस्टरांनीच उघडले. नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. त्यांनी मला आत बोलावले नाही.

“काय असेल ते कोर्टात बोला साहेब. वकिलांनी सांगितलंय, तुमच्याशी बोलायचं नाही.”

मी म्हटले, एकच विचारतो. त्या रविवारी मी अर्ज परत केल्यावर तुम्ही कुठे गेलात?



“परत केला, हे तुम्ही आज पहिल्यांदा बोललात,” त्या म्हणाल्या. आतून सासूबाईंनी कोण आहे म्हणून विचारले. कोणी नाही, असे त्यांनी सांगितले आणि दार ओढून घेऊन त्या बाहेर आल्या. “जिन्यात बसले. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद होतं. मांडीवर डब्याची पिशवी, पिशवीवर कागद ठेवून दोन प्रती हातानं लिहिल्या. खाली आले तर कुलूप. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.”

मी बाराच्या ठोक्याला कुलूप लावीत असे. माझे घर दुसऱ्या विंगेत, त्यामुळे तो जिना मला लागत नसे.

“हे तुम्ही कोणाला सांगितलंत? वकिलांना, वैशालीबाईंना?”

“यात सांगण्यासारखं काय आहे, साहेब? नर्स बाई जिन्यात बसून निबंध लिहीत होती? आमच्या यांना पण नाही सांगितलं, ते होते तोवर. ते म्हणाले असते, भांडली का नाहीस.” मग त्या म्हणाल्या, “माझ्या आधी ते लिमये होते. त्यांच्या हातात एकच कागद होता. तुम्ही घेतलात. मी बघत होते.”

शहाऐंशी. प्रत एक, उरलेल्या दोन नंतर देणार. स्वीकारला. सहा वर्षे ती ओळ माझ्याच हाताने, माझ्याच नोंदवहीत होती, आणि रुजुवातीत मी ती खणखणीत वाचूनही दाखवली होती. लिमयांना सवलत आणि कांबळ्यांना नियम, असे मी त्या दिवशी ठरवून केले नव्हते. मनात तसे काही नव्हते, असे मी आजही लिहू शकतो. शपथेवर लिहिणार नाही.

सिस्टरांनी त्या दोन हस्तलिखित प्रती जपून ठेवल्या होत्या. माझ्यासमोर ट्रंकेतून काढून दाखवल्या. अक्षर शेवटी शेवटी घाईचे झाले होते.

हसमुखभाईंच्या कानावर नव्या यंत्रातल्या ओळीचे आलेच. ते मला फाटकापाशी बाजूला घेऊन म्हणाले, “देवस्थळीसाहेब, मशीन का लफडा है. एक लाइन निकाल दो, प्रिंट मारो, सही करो. कोर्ट में थोड़ी कोई कॉम्प्युटर देखने आता है.” मी नकार दिला. मग तशीच दाखल करणार का, असे त्यांनी विचारले. त्यालाही माझा नकार होता. ज्या ओळीची रुजुवात होऊ शकत नाही ती मी न्यायालयात देणार नव्हतो, आणि ती काढून उरलेल्याला खरी नक्कल म्हणून सहीही करणार नव्हतो. “फिर करोगे क्या?” त्यांनी विचारले. कमिटी आपल्या बाजूने आहे, याची आठवणही करून दिली.

मी जुन्या यंत्राच्या पडद्यावरून त्या महिन्याचा उतारा हाताने लिहिला. सहाशे चौदातला, जसाच्या तसा. खाली नवे शपथपत्र जोडले. अमानवीय पुरावा मला नको होता. मानवी पुरावा मी स्वतः होतो.

घोडबंदर रस्त्याने ठाण्याच्या बसमध्ये मी शपथपत्र तीनदा वाचले. वरसावे आले तेव्हा शेजारच्या प्रवाशाने तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारले. साक्षीच्या पिंजऱ्यात पूर्वी मी फक्त इतरांना पाहिले होते. मी सांगितले, की सदर रविवारी अकरा-साडेअकराच्या सुमारास वादी माझ्याकडे अर्ज घेऊन आल्या. तीन प्रती नाहीत म्हणून मी तो परत केला. त्याच दिवशी दुसऱ्या एका सभासदाचा एकाच प्रतीचा अर्ज मी स्वीकारला. आणि माझे आधीचे लेखी उत्तर शब्दशः खरे असून दिशाभूल करणारे होते.

दुसऱ्या खरेदीदाराचे वकील तरुण आणि हुशार होते. त्यांनी विचारले, “सहा वर्षं तुम्हांला हे आठवलं नाही, आणि आता अचानक आठवलं? असं काय घडलं, देवस्थळी?”

उलटतपासणीत एवढा सोपा आणि एवढा अवघड प्रश्न मी ऐकला नव्हता. काय घडले ते सांगितले असते तर माझी साक्ष वेड्याची ठरली असती आणि सिस्टरांचे घर गेले असते. काही घडले नाही म्हणालो असतो तर ते खोटे झाले असते. सिस्टर मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी तिकडे पाहिले नाही.

“आठवलं नाही,” मी म्हणालो. “मी ते विसरलोच नव्हतो.”

न्यायाधीशांनी ते उत्तर स्वतः मोठ्याने उच्चारून लिहून घ्यायला लावले.

निकाल वर्षाअखेरीस लागला. सिस्टरांचा अर्ज त्या रविवारीच सादर झाला होता असे धरले गेले आणि घर त्यांचे राहिले. मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. तो एकमताने, तातडीने मंजूर झाला. वैशालीबाईंची मी लेखी माफी मागितली. त्यांनी तिची पोच दिली. सिस्टरांनी माझे आभार मानले नाहीत, आणि मानण्याचे कारणही नव्हते.

आता खुलाशाविषयी. मस्कतहून कुरियन यांचे पत्र आले, की क्रमांकाशिवाय नोंद त्यांच्या प्रोग्रॅममध्ये अशक्य होती. वैशालीबाईंनी नव्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कंपनीतील दोन सहकाऱ्यांना दाखवली; दोष निघाला नाही. त्यांनीच ती ओळ लिहिली, असे म्हणणारे वाचक निघतीलच. त्यांना मी विचारतो : १९९४ साली इमारतीत आलेल्या बाईंना १९९१ च्या जिन्यातले कसे कळले? आणि तिसऱ्या खेपेला दाराला आतून कडी असताना यंत्रापाशी कोण होते? मी होतो. मग मीच नकळत ती लिहिली, असेही कोणी म्हणेल. तेही मी तपासून पाहिले आहे. परत केल्याचे मला माहीत होते. जिन्यातले माहीत नव्हते.

ती ओळ कोणी लिहिली, हे मला माहीत नाही. त्या रविवारी ती कोणी लिहायला हवी होती, हे माहीत आहे.

आपला,
म. ग. देवस्थळी